कुलपाचं चित्र

हर्णै

प्रिय सुले,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. माझा गुडघा आहे तसाच, ह्यांची शुगर बरी.

पेपरातल्या जाहिरातीतला, बक्षीस म्हणून मागवलेला आपला ट्रान्झिस्टर आठवतो? चौकोनात एक ते नऊ आकडे, आडवी-उभी बेरीज १५, मग 'अभिनंदन', आणि व्ही.पी. (पोस्टमनला पैसे देऊन घ्यायचं पार्सल) सोडवल्यावर खोक्यात विटेचा तुकडा! (कूपन तूच भरलंस. मी फक्त तिकीट चिकटवलं.) तसंच परत झालंय, फक्त या खेपेला जाहिरातवाल्याच्या जागी मी आहे.

नववीला वेबसाइट कशी पारखायची ते शिकवलं. फळ्यावर यादी काढली: पत्त्याशेजारी कुलूप, शेवटी डॉट ओआरजी, 'आमच्याविषयी'चं पान, नीट शुद्धलेखन. मग गंमत म्हणून झाडावरच्या ऑक्टोपसचं पान दाखवलं. अमेरिकेत १९९८ साली कुणीतरी थट्टेने केलेलं. म्हणे वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात राहतो, नामशेष होतोय, वाचवा. पोरं हळहळली. एकटा बंदरावरचा पोरगा म्हणाला, "बाई, ऑक्टोपस पाण्याबाहेर किती टिकतो ते आमच्या होडीवर या, दाखवतो." मी हसले नि तास संपवला. तिथेच चुकलं.

पुढच्या आठवड्यात पहिल्या बाकावरची पोर मान खाली घालून उभी. शिष्यवृत्तीचा फॉर्म, ५०० रुपये नोंदणी फी, आता तिकडचा फोन बंद. "बाई, कुलूप होतं. ओआरजी पण होतं. मीच पप्पांना म्हटलं, भरा." वही उघडून दाखवली. चारही खुणा, लाल पेनाने.

सुले, कुलूप म्हणजे मधल्या वाटेत कुणी वाचत नाही, एवढंच. पलीकडे चोर बसला तरी ते लागतं. ओआरजी कुणालाही विकत मिळतं. क्रोम ब्राउझरने तर २०२३ मध्ये ते कुलूपच काढलं, लोक असाच गैरसमज करून घेतात म्हणून. आणि मी ते फळ्यावर रंगीत खडूने काढतेय!

स्थळाची चौकशी कुणी स्थळाच्याच घरी करतं का? तुझ्या विन्याच्या वेळी आपण त्यांच्या वाण्यालासुद्धा विचारलं होतं. तसंच ते पान बाजूला ठेवून दुसरे काय म्हणतात ते आधी शोधायचं, सरकारी म्हणत असेल तर पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का बघायचं. हे मला ठाऊक होतं गं. पण यादी तपासायला सोपी, परीक्षेत मार्क द्यायलाही सोपी.

पाचशे रुपये मी द्यायला गेले तर तिचे वडील म्हणाले, "बाई, तुमची काय चूक?" त्यावर काय बोलायचं? तूच सांग.

विन्याला बाळ झालं म्हणे, मुलगी ना? बारशाला येईन. तुझं डोळ्याचं ऑपरेशन कधी ते कळव.

आणि व्ही.पी.चे निम्मे पैसे अजून तुझ्याकडून येणं आहे.

तुझी,
कुमुद