न मिळालेल्या पार्सलचा पुरावा ग्राहकाने कुठून आणायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑनलाइन मागवलेली वस्तू हातात पडायच्या आधीच अ‍ॅपवर 'डिलिव्हर्ड' दिसतं हे आता इतकं कॉमन झालंय की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सारखं कुणीतरी विचारत असतं, माझं पार्सल चुकून तुमच्याकडे दिलंय का. बऱ्याचदा ते दुसऱ्या दिवशी येतं पण. डिलिव्हरीवाल्या पोरांवर दिवसाचं टार्गेट असतं, रात्र झाली की उरलेली पार्सलं 'दिली' म्हणून मार्क करून टाकायची आणि सकाळी आणून द्यायची, असं एका पोरानेच मला सांगितलंय. त्याच्यावर माझा राग नाही. पण जे पार्सल दुसऱ्या दिवशीही येत नाही त्याचं काय, त्यासाठी हे पत्र.

बाबांसाठी बीपी मोजायचं मशीन मागवलं होतं, पैसे आधीच भरलेले. रात्री मेसेज आला की पार्सल घरातल्या व्यक्तीकडे दिलं. आता घरात आम्ही सगळे होतो, बेल वाजली नाही, गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये त्या कुरियरची एंट्री नाही, सीसीटीव्हीत कोणी आलेलं दिसत नाही. कस्टमर केअरच्या चॅटवर आधी मशीन उत्तर देतं, मग बऱ्याच वेळाने माणूस येतो आणि तोही मशीनसारखंच बोलतो: शेजारी विचारा, वॉचमनला विचारा, थोडं थांबा. थांबलो. मग उत्तर आलं की आमच्या तपासात डिलिव्हरी बरोबर झालीये त्यामुळे रिफंड देता येत नाही, आणि तक्रार 'सोडवली' म्हणून बंद! मी डिलिव्हरीचा फोटो मागितला. बरंच भांडल्यावर पाठवला. त्यात निळा दरवाजा. आमचा दरवाजा तपकिरी, त्याला बाहेरून लोखंडी ग्रिल, आणि आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये निळा दरवाजा एकही नाही. म्हणजे खोटं उघड करणारा फोटो कंपनीकडे पहिल्यापासून होता, आणि तरी 'तपास' झाला होता म्हणे.

मुद्दा हाच आहे. मला वस्तू मिळाली नाही हे मी सिद्ध कसं करणार? न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा? उलट घडलं असं जो म्हणतो त्याच्याकडे सगळं असतं, स्कॅनची वेळ, लोकेशन, फोटो, सही, ओटीपी. पण ते सगळं कंपनीच्या तिजोरीत आणि हेलपाटे आमच्या नशिबात.

कायदा नाहीये असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे आणि त्याखाली जुलै 2020 मध्ये ई-कॉमर्सचे वेगळे नियम आले. त्यानुसार अशा प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, पद, संपर्क वेबसाइटवर द्यायचा असतो, त्याने 48 तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि एक महिन्यात ती निकाली काढायची. हा कस्टमर केअरपेक्षा वेगळा माणूस असतो, आणि चॅटवर तुम्हाला त्याचं नाव कोणी आपणहून सांगणार नाही, वेबसाइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात शोधावं लागतं. मी ऑर्डर नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट, रजिस्टरच्या पानाचा फोटो आणि त्यांचाच तो निळा दरवाजा असं सगळं जोडून त्याला मेल केला, आणि जोडीला 1915 वर तक्रार नोंदवली. ही केंद्र सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं, तक्रारीचा नंबर मिळतो आणि बऱ्याच मोठ्या कंपन्या त्यांच्याशी थेट जोडलेल्या असल्याने तक्रार सरळ तिकडे जाते. हेल्पलाइन कंपनीला हुकूम देऊ शकत नाही हे खरं, पण चॅटवर जे 'शक्य नाही' होतं ते त्यानंतर शक्य झालं.

त्यातही एक गंमत. आधी म्हणाले पैसे आमच्या वॉलेटमध्ये टाकतो. म्हणजे परत त्यांच्याकडेच खरेदी करा! मी नाही म्हणालो, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात द्या. दिले शेवटी. ही वॉलेटची गोळी बरेच लोक गिळतात, पैसे आले ना बस म्हणून.

समजा तरीही कोणी ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. लोकांना वाटतं तिथे वकील लागतो, खर्च होतो, कंपनी बंगळुरूची असेल तर तिकडे जावं लागेल. यातलं काहीच खरं नाही. नव्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करायची सोय आहे आणि मुदत 2 वर्षांची. वेळ लागतो, तो कायद्यात लिहिलाय त्यापेक्षा जास्तच लागतो, ही खरी अडचण. दीड-दोन हजारांसाठी कोण तारखा घेत बसणार, हे कंपन्यांनाही पक्कं ठाऊक आहे. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे 'वस्तू मिळाली नाही' म्हणून चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो, तो मात्र लवकर मागावा, मुदत असते.

दोन गोष्टी जाता जाता. गूगलवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधून फोन करू नका, तिथे भामटे नंबर टाकून बसलेत, रिफंडसाठी अमुक अ‍ॅप टाका, स्क्रीन शेअर करा म्हणाले की फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, कळवा. दुसरं म्हणजे डिलिव्हरीवाला खालून फोन करून 'ओटीपी सांगा, वॉचमनकडे ठेवतो' म्हणाला तर सांगू नका, वस्तू हातात आल्यावरच सांगा. ओटीपी दिला की तुमच्याकडून डिलिव्हरी मान्य झाली असंच ते धरतात, मग भांडायला काही उरत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2020 च्या नियमांत सरळ एक कलम घालावं: आधी पैसे भरलेली वस्तू ओटीपी, सही किंवा ग्राहकाच्या दाराच्या फोटोशिवाय 'डिलिव्हर्ड' दाखवायची नाही, ग्राहकाने मागितल्यावर तो पुरावा दोन दिवसांत द्यायचा, नाही दिला तर रिफंड आपोआप. महागड्या मोबाइलला ओटीपी बऱ्याच कंपन्या आत्ताही मागतात, म्हणजे टेक्नॉलॉजी नाही असं म्हणायला जागा नाही. हजार-दोन हजारांच्या वस्तूला का नको? ज्या घरी फक्त म्हातारी माणसं असतात, ज्यांना चॅट, स्क्रीनशॉट, मेल यातलं काही जमत नाही, ते तर पैसे गेले म्हणून सोडूनच देतात. आपल्या पेपरने या पत्राला जागा दिली तर बरं होईल, आणि जमलं तर तक्रार निवारण अधिकारी म्हणजे कोण, त्याला कसं लिहायचं यावर एक सविस्तर माहितीही छापावी ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, कल्याण (प.)