आधी बादली भरून ठेव

फोंडा,
१४ एप्रिल

प्रिय अवधूत,

काल तुझ्याकडून निघताना मी चपला घालत होतो, तेव्हा तू विचारलंस, "माशांसाठी एसी किती वाजता लावायचा आणि कितीवर ठेवायचा?" ते दारात उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी विषय बदलला. रात्री मात्र झोप लागली नाही. लेकीने टाकीचं चित्र काढून फ्रिजला चिकटवलंय, तू पर्वरीच्या नव्या फ्लॅटमध्ये जागाही ठरवलीस, आणि माझ्या हातून काय झालं होतं ते मी तुला कधी सांगितलेलंच नाही. आज सांगतो.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. आमच्या झोपायच्या खोलीत अडीच फुटी टाकी, साधारण शंभर लिटर पाणी, त्यात बारा निऑन, म्हणजे निळ्या-लाल पट्ट्याचे ते इवले मासे. उकाडा वाढला तसा मला माशांचा जीव कासावीस वाटू लागला. रात्री दहाला एसी बावीसवर लावायचा, सकाळी सहाला बंद करायचा, आणि दिवसभर खोली बंद. आपण झोपलो की मासेही गारव्यात झोपतात, या समाधानात मी होतो. दहाव्या दिवशी दोन निऑनच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. आठवड्यात नऊ मासे गेले. मी खाद्याला दोष दिला, पाणी बदललं, औषध घातलं. एसीवर संशय आलाच नाही, कारण एसी म्हणजे मी त्यांच्यासाठी केलेली सर्वात चांगली गोष्ट, अशी माझी खात्री होती.

उरलेल्या तिघांसाठी म्हणून मी वही घेतली आणि सकाळी सहा, दुपारी तीन, रात्री दहा असं पाण्याचं तापमान लिहायला लागलो. पहिल्याच दिवशी सकाळी २६, रात्री ३१. दुसऱ्या दिवशी तेच. रोज पाच अंश खाली, पाच अंश वर. मोठ्या नदीतलं पाणी असं रोज हिंदकळत नाही. माशाचं रक्त पाण्याइतकंच गरम किंवा गार असतं. त्याला अंगावर पांघरूण ओढता येत नाही की पंखा लावता येत नाही. पाणी बदललं की त्याचं सगळं शरीर बदलतं, प्रतिकारशक्ती मंदावते, आणि ठिपक्यांचा तो परजीवी अशीच वेळ साधतो. सतत २९ अंश असते तर ते निऑन कदाचित थोडे कमी जगले असते, पण असे आठवड्यात गेले नसते. म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर हे, की रात्री लावून सकाळी बंद करायचा असेल तर टाकीच्या खोलीत एसी लावूच नको.

आता दुसरी बाजू. मडकईला आमच्या काकांच्या जुन्या घरात राजांगणाला लागून एक खोली आहे. चिऱ्याच्या जाड भिंती, उंचावर मंगळुरी कौलं, बाहेर फणसाची सावली. तिथे काकांनी वर्षानुवर्षं गुरामी पाळले. ना एसी, ना पाणी गार करणारा चिलर. मी माझी वही घेऊन तिथे चार दिवस राहिलो. ऐन मेमध्ये पाणी २७ ते २९ च्या बाहेर गेलं नाही. चिरा दिवसभर ऊन पितो आणि ते आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते; गरम हवा वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाते. त्या घराने माशांना जे फुकट दिलं, ते आपल्याला फ्लॅटमध्ये मेहनतीने उभं करायचं आहे.

तुझा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, पर्वरीच्या उघड्या पठारावर, डोक्यावर सिमेंटची स्लॅब. स्लॅब रात्री अकरा-बारापर्यंत तापलेली राहते. आणि तू जागा निवडलीस ती पश्चिमेच्या भिंतीची. दिसायला सुंदर, मान्य. पण एप्रिलमध्ये संध्याकाळी पाच वाजता त्या भिंतीला तळहात लावून बघ. टाकी समोरच्या, स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीकडे आण. मात्र गॅसच्या शेगडीची धग आणि फ्रिजच्या मागची गरम हवा तिथे पोचणार नाही एवढं बघ.

त्याआधी एक काम कर, आणि हे मी हात जोडून सांगतो. टाकी विकत घेण्यापूर्वी त्या कोपऱ्यात वीस लिटरची बादली पाण्याने भरून ठेव. दुकानात डिजिटल थर्मामीटर मिळतो, वायरच्या टोकाला सेन्सर असलेला. तो पाण्यात सोड. काचेवर चिकटवायच्या पट्ट्या घेऊ नको, त्या निम्मी बाहेरची हवाच दाखवतात. सात दिवस, दिवसातून तीनदा, लेकीकडून आकडे लिहून घे. बादलीतलं पाणी कमी, त्यामुळे ते मोठ्या टाकीपेक्षा जास्त हेलकावे खाईल, पण खोलीचा स्वभाव कळेल. मी हे केलं असतं तर बारा निऑन आणलेच नसते.

आता पंख्याविषयी. या गोष्टीवर माझा खरा जीव आहे. पाण्याची वाफ होताना ती पाण्यातलीच उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता नेतं, तेवढी काढली तर शंभर लिटर पाणी साधारण पावणेसहा अंशांनी उतरेल. त्याच्याशी बर्फाची तुलना कर: एक लिटरची बाटली गोठवून टाकीत सोडली, तर ती सगळी वितळून कोमट होईपर्यंत शंभर लिटर पाणी जेमतेम एका अंशाने उतरतं, आणि तेही अर्ध्याएक तासात, माशांना धक्का देत. लोक बर्फाच्या बाटल्या टाकतात त्या मायेपोटीच, पण ते संकटकाळापुरतं ठीक. मी कॉम्प्युटरमधला बारा व्होल्टचा छोटा पंखा टाकीच्या काठावर तिरका लावला, वारा पाण्याला चाटून जाईल असा, आणि काचेचं झाकण काढून जाळी ठेवली, कारण उड्या मारणारे मासे जमिनीवर सापडू नयेत. दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी उडतं. भोवतालची हवा पाण्याला सतत गरम करत राहते, म्हणून हिशेबातले सगळे अंश हाती लागत नाहीत. पण मार्च-एप्रिलमध्ये ३१ चं पाणी २८ वर येतं, आणि मुख्य म्हणजे तिथेच राहतं. उडालेलं पाणी रोज भरायचं. वाफ होऊन फक्त पाणी जातं, क्षार टाकीतच उरतात, म्हणून दर आठवड्याचा वॉटर चेंज, म्हणजे थोडं जुनं पाणी काढून ताजं भरणं, चुकवायचा नाही.

आपल्याकडची अडचण दमटपणाची. पुण्याच्या किंवा सोलापूरच्या कोरड्या हवेत हाच पंखा जास्त काम करतो. गोव्यात मेच्या शेवटी, पाऊस दारात आलेला असतो आणि पानही हलत नाही, तेव्हा हवेतच एवढी वाफ असते की पाणी उडायला जागा नसते. त्या दिवसांत नुसता पंखा पुरत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की दमटपणा आणखी वाढतो, पण खोलीच २७ वर उतरते, मग काळजी मिटते. म्हणजे खरी परीक्षा तीन-चार आठवड्यांचीच. आणि तेव्हा एसी उपयोगी पडतो, पण तू समजतोस त्या कारणाने नव्हे. एसी हवेतलं पाणी काढून टाकतो. त्याच्या नळीतून बादलीत ठिबकतं ते हेच. हवा कोरडी झाली की टाकीवरचा पंखा पुन्हा जोर धरतो, आणि खोली २८ वर असली तरी पाणी तिच्याहून दोन-एक अंश खाली बसतं. तर एसी लावायचाच असेल तर २७-२८ वर ठेव, चोवीस तास, त्या तीन आठवड्यांपुरता. बावीसवर आठ तासांपेक्षा माशांना हे कितीतरी सुखाचं आहे. एसीचा झोत टाकीवर थेट येऊ देऊ नको. पंख्यामुळे खोलीत वाफ वाढते, म्हणून पावसाळ्यात तो बंद ठेव, नाहीतर भिंतींना बुरशी येईल. गोव्यात ती आपसूकही येतेच.

गोव्यात हीटर लाव म्हटलं तर चमकशील. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पणजीतही पारा विशीच्या आसपास येतो, आणि आमच्या वाळपईच्या मावशीकडे त्याहून खाली. शिवाय पाहुणे आले आणि कुणी एसी वीसवर नेला, तर पाणी कोसळू नये म्हणूनही तो हवा. शंभर लिटरला शंभर वॅट. हीटर २५ वर, पंखा २८ ला सुरू होईल असा. मधे तीन अंशांची मोकळीक सोड, नाहीतर एक तापवेल आणि दुसरा गार करेल. वॉटर चेंजआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांब. हीटरची तापलेली काच पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते.

अजून दोन गोष्टी डोक्यात आहेत. पहिली तुझ्या गच्चीवरची काळी टाकी. एप्रिलच्या दुपारी त्यातलं पाणी हाताला चटका देतं. नळ सोडून ते थेट माशांत ओतलंस तर एसीपेक्षा वाईट. रात्री बादल्या भरून उघड्या ठेव, क्लोरीनही कमी होईल, आणि बदल दुसऱ्या दिवशी पहाटे कर.

दुसरी गोष्ट हवेची. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० ला साडेसात. आकडा थोडाच घटतो, पण त्याच वेळी माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात, आणि पाण्यातला अमोनियाही गरमीत जास्त विषारी होतो. म्हणून उन्हाळ्यात खाद्य निम्मं, आणि तेही सकाळी. एअर पंप चालू ठेवायचा. मेमध्ये पहिली वादळं आली की वीज जाते. बॅटरीवर चालणारा एअर पंप आधीच घेऊन ठेव. मी एका रात्री, वीज नव्हती तेव्हा, पहाटे साडेतीनपर्यंत वाटीने पाणी उचलून उंचावरून टाकीत ओतत बसलो होतो. हात भरून आले, पण एकही मासा गेला नाही.

आता लेकीला काय सांगायचं. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे, २० ते २३ अंशांत तो खुश असतो. आपल्या ३० मध्ये तो जगेल, पण तोंड वर काढून श्वास घेत राहील, आणि ते रोज तिच्या डोळ्यांसमोर. निऑनलाही पंचविशीच्या आतलंच पाणी मानवतं, तेव्हा त्याच्याजागी कार्डिनल टेट्रा घे. तसाच निळा-लाल पट्टा, गरमी त्याहून बरी सोसतो. गुरामी घे, काकांसारखे. त्यांना हवेतला प्राणवायू घेता येईल असा वेगळा अवयव असतो, म्हणून गरम, संथ पाण्यातही ते धीर सोडत नाहीत. आणि तुझा हात बसला, वर्ष गेलं, की डिस्कस. त्याला २८ ते ३० च लागतात. थंड प्रदेशातले लोक त्याच्यासाठी बारा महिने पाणी तापवतात, आणि आपल्याला ते पाणी आपल्या हवेनेच दिलंय. तिला गोल आणि रंगीत मासा हवा आहे ना? डिस्कसचं चित्र दाखव.

मी पुढच्या रविवारी येतो. पंखा, जाळी आणि जुना थर्मामीटर घेऊन येईन. तोपर्यंत बादलीचे सात दिवसांचे एकवीस आकडे तयार ठेव. पश्चिमेच्या भिंतीकडचेही घे, दुसऱ्या बादलीत, म्हणजे जागेचा वाद आपल्याला शब्दांनी घालावा लागणार नाही. वहिनींना सांग, येताना आमच्या झाडाचा पहिला मानकुराद आंबा घेऊन येतोय.

तुझा,
दिगू