पितळी रेडिएटरला कोणता कूलंट चालतो, ते कॅनवर छापा

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : 'सर्व गाड्यांसाठी' असे छापून विकलेल्या कूलंटबाबत, जुन्या गाडीच्या रेडिएटरच्या नुकसानीबाबत आणि लेबलवर न दिलेल्या माहितीबाबत तक्रार.

महोदय,

माझ्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली. रोज ऑफिसला नेत नसलो तरी ती शोभेला ठेवलेली नाही. तुळजापूरचा घाट चढते, पंढरपूरला जाऊन येते, लग्नसराईत पाहुण्यांना स्टेशनवरून घेऊन येते. या गाडीत काय घालायचे आणि काय नाही, हे मी नेहमी चौकशी करूनच ठरवतो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, घेतानाही चौकशी केली होती, आणि ती थेट तुमच्याकडेच केली होती. म्हणूनच हे पत्र दुकानदाराला न लिहिता तुम्हाला लिहीत आहे.

मागच्या मार्चमध्ये, ऊन तापायच्या आधी, गाडीतला जुना हिरवा कूलंट बदलायचा होता. शहरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात तुमचा पाच लिटरचा गुलाबी, तयार मिश्रणाचा कॅन दाखवला गेला. त्यावर मोठ्या अक्षरांत 'सर्व पेट्रोल व डिझेल गाड्यांसाठी', त्याखाली '५ वर्षे बदलण्याची गरज नाही' आणि 'उणे ३७ अंशांपर्यंत संरक्षण' असे होते. आतले रसायन कोणत्या जातीचे आहे, याबद्दल मात्र कॅनच्या चारी बाजूंना एक ओळ नाही. दुकानदार म्हणाले, "चालतंय की, समद्यांना हेच देतो." मी तेवढ्यावर थांबलो नाही. दुकानातूनच तुमच्या ग्राहक क्रमांकावर फोन लावला आणि स्पष्ट विचारले : पद्मिनी आहे, ब्लॉक बिडाचा (ओतीव लोखंडाचा), हेड अॅल्युमिनियमचे, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि सगळे सांधे डाख (सोल्डर) दिलेले, हा कूलंट चालेल का? पलीकडच्या मुलीने थोडा वेळ होल्डवर ठेवून उत्तर दिले, "सर, सर्व गाड्यांना चालतो. गुलाबी म्हणजे लेटेस्ट आहे, हिरव्यापेक्षा चांगला." हे संभाषण रेकॉर्ड होत असल्याचे फोनच्या सुरुवातीलाच सांगितले गेले होते, तेव्हा ते तुमच्याकडे असणारच. कृपया काढून ऐका.

कूलंट भरण्याआधी रेडिएटरचे काम करून घेतले होते. मिस्त्रींनी तो उतरवला, वरची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवली, पुन्हा डाख दिला आणि हवा भरून पाण्याच्या हौदात बुडवून तपासला. एकही बुडबुडा आला नाही. त्याची तारखेसह पावती सोबत जोडली आहे. इंजिनातले जुने पाणी पूर्ण काढून, थर्मोस्टॅट बाहेर घेऊन, स्वच्छ पाणी निघेपर्यंत फ्लश केले आणि शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा दिला. मगच तुमचा कूलंट ओतला.

दिवाळीच्या सुमारास कूलंटची पातळी उतरू लागली. सुरुवातीला खाली डाग नव्हता, होज पाइप कोरडे होते. बॅटरी घेऊन वाकून पाहिले तेव्हा वरची टाकी जिथे कोअरला जोडलेली असते, त्या शिवणीवर पांढुरकी, कुठे हिरवट झाक असलेली भुकटी जमलेली दिसली. बोटाने पुसली तर खाली गुलाबी ओल. मिस्त्रींनी रेडिएटर पुन्हा उतरवला. मार्चमध्ये चांदीसारखा चकाकणारा डाख काळवंडून भुसभुशीत झाला होता. स्क्रूड्रायव्हरचे टोक लावले की त्याची भुकटी पडत होती. पितळी पत्रा मात्र शाबूत. त्यांचा हात या कामात मुरलेला आहे. ते म्हणाले, गाडी उकळून डाख सुटला असता तर तो असा दिसला नसता, हा आतून खाल्लेला आहे. फोटो जोडले आहेत.

हे मी ईमेलने कळवले, त्यावर तुमच्या विभागाकडून आलेल्या ईमेलमध्ये दोन शक्यता लिहिल्या आहेत : गाडी जुनी आहे, आणि सोलापूरचे पाणी जड आहे. पहिलीचे उत्तर वरची पावती देते. दुसरीबद्दल एवढेच सांगतो की तुमचा माल तयार मिश्रणाचा आहे, त्यात पाणी घालायचेच नसते. इथल्या बोअरच्या पाण्याचे क्षार आम्ही बादल्यांवर आणि गिझरच्या कॉइलवर रोज पाहतो. ते पाणी गाडीत जाऊ नये म्हणूनच मी तयार कूलंटचे जादा पैसे मोजले.

आता मुद्द्याचे. कूलंटचे काम पाणी गोठू न देणे एवढेच नसते. सोलापुरात तर त्याची गरजच नाही. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. आम्ही कूलंट घालतो तो गंज रोखण्यासाठी. नुसत्या पाण्यावर चालवलेल्या इंजिनातून दोन वर्षांनी जे तांबडे पाणी निघते, ते आमच्या पिढीने पुरेसे पाहिले आहे. गंज रोखण्याचे काम त्यातली द्रव्ये करतात आणि ती सगळ्या कूलंटमध्ये सारखी नसतात. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट अशी असेंद्रिय द्रव्ये असतात. ती धातूवर लवकर थर धरतात आणि लवकर संपतातही, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायची. नव्या, म्हणजे ओएटी प्रकारात सेंद्रिय आम्ले असतात. ती सावकाश खर्च होतात, म्हणून पाच वर्षांचा दावा करता येतो. हा प्रकार नव्वदच्या दशकात रुळला, अॅल्युमिनियमचे रेडिएटर आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेल्या गाड्यांबरोबर. माझ्या गाडीचा रेडिएटर त्याच्या आधीच्या काळातला, शिसे-कथलाच्या डाखावर उभा. ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या महासंघाने ओएटी कूलंट जुन्या वाहनांत वापरू नका, असा जाहीर इशारा आपल्या सभासदांना दिलेला आहे. तुमच्या धंद्यात ही गोष्ट नवी नाही.

प्रत्येक ओएटी कूलंट डाख खातोच, असे माझे म्हणणे नाही. पण ते तपासण्याची सोय आहे. एएसटीएम डी १३८४ या चाचणीत तांबे, डाख, पितळ, पोलाद, बीड आणि अॅल्युमिनियम या सहा धातूंचे तुकडे ८८ अंश सेल्सिअसच्या कूलंटमध्ये ३३६ तास ठेवतात आणि प्रत्येकाचे वजन किती घटले ते मोजतात. डाखाचा आकडा त्यात स्वतंत्र येतो. तुमच्या या मालाचा तो आकडा किती? ईमेलमध्ये मी हे विचारले होते. उत्तरात 'आमचे उत्पादन आंतरराष्ट्रीय दर्जाचे आहे' एवढेच आले. भारतीय मानक आयएस ५७५९ चा उल्लेखही कॅनवर नाही.

आणि रंगाचे. रंग म्हणजे कूलंटमध्ये मागाहून घातलेली डाय. हिरवा, निळा, गुलाबी, नारिंगी, कोणती कंपनी कोणत्या रसायनाला कोणता रंग देईल याला बंधन नाही. त्याच दुकानात तुमचाच हिरवा कॅनही होता आणि त्यावरही आत काय आहे ते लिहिलेले नव्हते. गॅरेजमधला मुलगा मग काय करतो? जुना हिरवा होता म्हणून हिरवा ओततो. दोन जातींची सरमिसळ झाली की द्रव्ये एकमेकांचे काम बिघडवतात, कधी गाळ धरतो, आणि दोष मुलावर येतो. त्याला वाचायला कॅनवर काही ठेवलेच नाही, तर त्याने ओळखायचे कशावरून?

आणखी एक गोष्ट, माझ्या रेडिएटरपेक्षा गंभीर. कूलंटमधले इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यास किडनी निकामी करणारे विष आहे. गळती सुरू होती तेव्हा गल्लीतले एक मांजर गाडीखाली चाटताना मी स्वतः हाकलले. तुमच्या कॅनवर याची सूचना फक्त इंग्रजीत, तळाशी, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत आहे. जाहिरातीची वाक्ये मराठीत छापता येतात, तर विषाची सूचनाही मराठीतच आणि समोरच्या बाजूला हवी. इथे रिकामे कॅन धुऊन पाण्याला वापरणारी घरे आहेत.

माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. कूलंटची किंमत, रेडिएटर पुन्हा डाख देऊन तपासून घेण्याचा खर्च आणि वॉटर पंपाच्या नव्या सीलचा खर्च, तिन्हींच्या पावत्या सोबत आहेत, तो भरून द्यावा. या मालाचा डी १३८४ चाचणीचा अहवाल, डाख आणि पितळेच्या आकड्यांसह, मला लेखी पाठवावा. 'सर्व गाड्यांसाठी' ही ओळ काढून तिथे रसायनाचा प्रकार आणि 'तांबे-पितळेच्या, डाख दिलेल्या रेडिएटरसाठी योग्य' किंवा 'अयोग्य' यांपैकी जे खरे असेल ते मराठीत छापावे. फोनवर बसणाऱ्या मुलांना हे शिकवावे. त्या मुलीवर कारवाई करू नये, तिच्यासमोर जो कागद होता तोच तिने वाचला. आणि जमले तर जुन्या पद्धतीचा, सिलिकेटचा, न मिसळलेला कूलंट लहान बाटलीत विकायला ठेवावा. आमच्या हवेत एक भाग कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड पाणी पुरते. निम्मे ग्लायकॉल घातले की मिश्रण पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते, आणि घाटात दुसऱ्या गिअरवर चढणाऱ्या गाडीला ते जाणवते. सोलापूर, लातूर, धाराशिव भागात पद्मिनी, अॅम्बॅसेडर, जुन्या जीप सांभाळणारी माणसे अजून आहेत, माल खपेल.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मालाचा दर्जा आणि शुद्धता यांची माहिती मिळणे हा माझा हक्क आहे, आणि तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. उरलेला कूलंट, बॅच क्रमांकासह मूळ कॅन आणि उतरवलेल्या डाखाचे तुकडे मी जपून ठेवले आहेत. तुमचा माणूस पाठवलात तर नमुना माझ्यासमोर सीलबंद करून देईन, अर्धा तुमच्याकडे आणि अर्धा माझ्याकडे.

आपला,
एक ग्राहक
होटगी रोड, सोलापूर

सोबत : कूलंट खरेदीची पावती, रेडिएटर कामाच्या दोन्ही पावत्या, वॉटर पंप सीलची पावती, कॅनच्या चारी बाजूंचे व डाखाचे फोटो, आपल्या ईमेलची प्रत.