माझं लष्कर, तुझं थाटीपूर

चेन्नई,
दसऱ्यानंतरचा रविवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. ग्वाल्हेरच्या दानाओलीतली गल्ली, कुलूप लावलेलं दार आणि खाली तुझा प्रश्न, "आई, हाच ना आजीचा वाडा?" असेल, नसेल. वाडा विकला त्याला जमाना झाला. नव्या मालकाने दर्शनी भाग पाडला असं मामाच म्हणाला होता, मग तुला ओळखणार कसा? सोनू, हे आता पुरे. बँक सुटली की तू लष्कर भागात माझं बालपण शोधत फिरतेस आणि स्वतःला राहायला घर मात्र अजून पाहिलेलं नाहीस. गेस्ट हाऊसमध्ये किती दिवस काढणार?

मामाने जनकगंजच्या बाजूला खोल्या बघून ठेवल्यात, ते कळलं. मराठी शेजार, जवळ देऊळ, हाकेच्या अंतरावर मामी. त्याचा जीव तुटतो हे खरं. पण तुझी शाखा मुरारला. रोज दोनदा महाराज बाड्याच्या चौकातल्या गर्दीतून गाडी काढायची आणि घरी आल्यावर मामीच्या चौकश्यांना उत्तरं द्यायची, हे तुझ्याने होणार नाही. थाटीपूरचा फ्लॅट घे, तो मुरारला जवळ. रविवारी मामाकडे जेवायला जात जा. त्याला मी समजावते. त्याचा राग माझ्यावर निघू दे, त्याला लहानपणापासून सवय आहे.

फ्लॅट बघताना मात्र डोकं ठिकाणावर ठेव. सगळ्यात वरचा मजला नको. मे-जूनमध्ये पारा ४५च्या पुढे जातो आणि गच्चीखालची खोली मध्यरात्रीपर्यंत तापलेली राहते. पाणी रोज येतं की एक दिवसाआड, आणि टाकी केवढी, हे घरमालकाला न विचारता खालच्या मजल्यावरच्या बाईला विचार. कूलर ठेवायला खिडकीबाहेर जागा हवी. तू चेन्नईत वाढलीस, कूलरवर तुझा विश्वास बसणार नाही. इथल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, म्हणून कूलर नुसती ओल करतो. तिकडे उन्हाळ्यात हवा कोरडीठाक असते, पाणी उडतं आणि खोली गार होते. आमच्याकडे वाळ्याच्या ताट्या असत, त्यांचा वास अजून आठवतो. पाऊस सुरू झाला की मग तिथलाही कूलर निरुपयोगी.

थंडीचं तुला अजून कळायचंय. गादीवाल्याकडून रजई आत्ताच भरून घे, डिसेंबरात त्याला बोलायलाही वेळ नसतो. जानेवारीत धुकं पडलं की गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. तेव्हा सुट्टीचं तिकीट काढताना हिशेब घट्ट ठेवू नकोस.

करमत नाही म्हणतेस. करमणार नाहीच इतक्यात. मी लग्न होऊन मद्रासला आले तेव्हा तुझे बाबा पेरांबूरच्या डब्यांच्या कारखान्यात होते आणि मला तमिळचं अक्षर येत नव्हतं. आधी मी मराठी बायकाच शोधल्या. चांगल्या होत्या गं, पण जमलो की विषय एकच: इथे काय काय मिळत नाही. घरी परतताना मद्रास आणखीच परकं वाटायचं. खालच्या मजल्यावरच्या तमिळ मामींना हिंदी येत नव्हतं. त्यांनी मला पहाटे उठवून कोलम, म्हणजे त्यांची ठिपक्यांची रांगोळी, काढायला बसवलं. ठिपके चुकले की पुसून टाकत. पाण्याच्या लॉरीपुढे आमची कळशीवरून भांडणं होत, माझी निम्मी तमिळ त्या भांडणांतली. मराठी मंडळी भेटली तर जरूर भेट, पण गाऱ्हाणी सांगायला जाऊ नकोस.

आणि लष्कर तरी कुठे मुळापासून आपलं होतं? १८१०मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ टाकला, त्या छावणीचं शहर झालं. शिंदे की छावनी, फालका बाजार, पाटणकर बाजार ही सगळी अशीच बाहेरून आलेल्यांची वस्ती. आपले पूर्वजही त्यातच कधीतरी सामान घेऊन उतरले असतील, आणि त्यांच्या बायकांनीही पाणी वाईट म्हणून नाकं मुरडली असतील.

तुला गंमत वाटेल असं एक सांगते. इथे मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकस्वामी, तुला गल्लोगल्ली भेटायचा. ग्वाल्हेरला जीवाजीगंजात कार्तिकस्वामींचं देऊळ आहे, ते वर्षातून एकदाच, कार्तिकी पौर्णिमेला उघडतं. पहाटेपासून रांग असते. जा, आणि शेजारणीला बरोबर घे.

डिसेंबरात तानसेन समारोह असतो. १९२४पासून चालू आहे. हजीऱ्याला, सूफी संत मोहम्मद घौस यांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनांची समाधी आहे, तिथे सुरुवात सकाळी होते: सनई, ढोलीबुवांची हरिकथा आणि मग मीलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगान. मुख्य मैफलींइतकीच मला ती सकाळ आवडायची. तू लहानपणी कर्नाटक संगीत शिकलीस, तुझ्या कानाला ग्वाल्हेरचा ख्याल आधी संथ वाटेल. पण याच घराण्याचं गाणं शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ते महाराष्ट्रात नेलं. माधव संगीत महाविद्यालय १९१८चं आहे. संध्याकाळचे वर्ग आहेत का, चौकशी कर. गाणं सोडून तुला बरीच वर्षं झाली, मला ते खटकतं.

कॉफी पावडर पाठवली आहे, फिल्टरही. त्यात तडजोड नाही. सकाळची कॉफी इथलीच पी आणि नाश्त्याला तिथली बेडई, डाळ भरलेली पुरी, खा, पोट सांभाळून.

बाबांचा निरोप: तुझी गाडी तमिळनाडूची आहे. बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो आणि त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी लागते. कर्ज अजून फिटलेलं नसेल तर तुझ्या बँकेचीही. कागद ते इथून हलवतील, तू फक्त आरसीची प्रत पाठव.

घराचं काय ठरलं ते मंगळवारपर्यंत कळव.

तुझी,
आई

ता. क. आम्ही डिसेंबरात येतो. मामाला अजून सांगू नकोस, नाहीतर तो आमची व्यवस्था स्वतःकडेच करेल. मला थाटीपूरला उतरायचं आहे.