बस्त्याला या, गाडी मात्र आणू नका

पुणे,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिन्या,

परवा तुझा फोन आला आणि नेमकं त्याच वेळी दुकानात गिऱ्हाईक उभं राहिलं. बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहूनच कळवतो. हे पत्र वहिनींनाही वाचून दाखव, कारण तू अर्धं वाचून ठेवून देशील.

चिमणीचं लग्न ठरलं, फार आनंद झाला. बस्ता लक्ष्मी रोडलाच बांधायचा म्हणतोयस, तेही उत्तम. पण पुढचं वाक्य ऐकून मी गल्ल्यावर बसल्या बसल्या हसलो : "कराडहून गाडी घेऊनच येतो, तुझ्या दुकानासमोर लावतो, तेवढी जागा धरून ठेव." अरे, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचो ना आपण, तसं वाटलं का तुला? आणि खरं सांगू, मी धरतोच. प्लॅस्टिकचं लाल स्टूल आहे एक, ते सकाळी पायरीसमोर ठेवायचं. त्यावर कोणी बसत नाही, ते फक्त उभं असतं. समोरच्याची रिकामी कुंडी आहे, पलीकडच्याचा हात तुटलेला पुतळा, साडी नेसवलेला. रस्ता महापालिकेचा, स्टूल आमचं.

तू नूमवि शाळेच्या दिवसांतला रस्ता डोळ्यांसमोर ठेवून बोलतोयस. भाड्याच्या सायकलवर डबलसीट, मागे तू, आणि दिव्याशिवाय पोलिसानं धरलं की "काका, आत्ताच गेला हो दिवा" म्हणणारा मी. रस्त्याची रुंदी आजही तेवढीच आहे. फक्त एका बाजूला चारचाकी, दुसऱ्या बाजूला दुचाकी, त्यांच्यापुढे फेरीवाले, आणि उरलेल्या पट्टीतून रिक्षा, टेम्पो नि माणसं. आमच्या गल्लीत सम-विषम आहे, पी वन आणि पी टू. विषम तारखेला एक बाजू, समला दुसरी. आता ३१ तारखेनंतर १ येते, म्हणजे लागोपाठ दोन दिवस विषम. त्या दोन दिवसांवरून आमच्याकडे जेवढी भांडणं होतात तेवढी वाटणीवरून भावाभावांत होत नसतील.

सर्वांत जास्त घोळ "दोन मिनिटांचा" असतो. सुरतेच्या मालाचे गठ्ठे घेऊन छोटा हत्ती येतो, चारही दिवे लुकलुकवत ठेवतो आणि मध्येच थांबतो. दिवे लुकलुकले की गाडी उभी नाही, असं समजायचं असतं. मागे पार बेलबाग चौकापर्यंत हॉर्न. दुसरे म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांचे यजमान. बाई "आलेच हं" म्हणून आत येतात, हे बाहेर गाडी चालू ठेवून बसतात. आता ब्लाउजच्या अस्तराचा रंग जुळवणं हे काय "आलेच"मध्ये होणारं काम आहे? तेवढ्यात गाड्या उचलणारा टेम्पो कर्ण्यावरून नंबर पुकारत येतो आणि यजमान सुटतात. रस्ता एकेरी, मागे वळता येत नाही. मग अलका चौक, टिळक रोड, बाजीराव रोड करून परत. इकडे बाई पिशवी घेऊन माझ्या पायरीवर, फोनवर विचारतायत, "कुठे आहात?" उत्तर येतं, "पूरम चौकात." संसार असे तोलले जातात बघ.

पण मला तुला सांगायचंय ते वेगळंच आहे. गेल्या आषाढात एका लग्नात आमच्या जुन्या गिऱ्हाईक भेटल्या, कोथरूडच्या. आईच्या वेळेपासून येणाऱ्या. म्हणाल्या, "तुमच्याकडचं अस्तर धुतल्यावर आटत नाही हो, पण गाडी लावायला जागाच नसते. मी आता घरबसल्याच मागवते." मी आल्या आल्या सगळ्यांना ऐकवलं : बघा, पार्किंगनं धंदा खाल्ला! दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. काय मनात आलं कोण जाणे, बिलबुकाच्या मागच्या पानावर समोरच्या गाड्या मोजल्या. विजेच्या खांबापासून आमच्या पायरीपर्यंत चौदा दुचाकी. बारा ते चार पाहत राहिलो. पाच हलल्या, नऊ जागच्या जागी. त्या नऊ कुणाच्या? एक माझी. एक पुतण्याची. दोन आमच्या काउंटरवरच्या मुलींच्या. समोरच्या शेठजींची, त्यांच्या मुलाची बुलेट, पिको-फॉलवाल्याची आणि शेजारच्या दुकानातल्या दोन पोरांच्या. म्हणजे सकाळी दहाला लावायच्या, रात्री नऊला काढायच्या. माझ्या गाडीच्या सीटवर तर धूळ होती. त्या कोथरूडच्या बाईंची जागा मीच अडवून बसलो होतो, दिन्या.

गल्लीतल्या दुकानदारांच्या बैठकीत मी ते पान वाचून दाखवलं. एक जण म्हणाला, आधी फेरीवाले हटवा. दुसरा म्हणाला, आधी पोलिसांनी टोइंग बंद करावं. तिसऱ्यानं विचारलं, "तुम्ही आमच्यावर पाळत ठेवता काय?" तेवढ्यात वडे आले आणि विषय चटणीकडे वळला. मार्च २०१८मध्ये महापालिकेनं पार्किंगचं धोरण मंजूर केलं होतं, आधी पाच रस्त्यांवर पैसे घेऊन करून बघू म्हणाले. तेव्हा आरडाओरडा करणाऱ्यांत मीही होतो. "गिऱ्हाईक तुटेल!" माझ्या पायरीसमोर तर त्यातलं काही आलंच नाही. आज वाटतं, तासाला पैसे पडले असते तर पहिली गाडी मीच हलवली असती.

मग मी एकट्यानं सुरू केलं. गाडी मंडईजवळच्या हुतात्मा बाबू गेनू वाहनतळात लावतो आणि तिथून चालत दुकानात. आठ-दहा मिनिटं लागतात, गुडघा कुरकुरतो. त्या नावाचा विचार मी इतकी वर्षं केला नव्हता. बाबू गेनू आपल्याच जिल्ह्यातले, आंबेगाव तालुक्यातले. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले आणि त्याखाली गेले. गाडी अडवायला जीव देणाऱ्याचं नाव आपण गाड्या उभ्या करायच्या इमारतीला दिलंय, आणि तिथे रोज उतरतो कोण, तर कापडवाला!

मी सोडलेल्या जागेचं काय झालं, ते विचार. त्याच दिवशी सव्वादहाला समोरच्यांची दुसरी गाडी तिथे. आम्ही चार दिवस बोललो नाही. पुढे आमच्या दोन मुली मेट्रोनं यायला लागल्या आणि पुतण्या बसनं, कुरकुरत. स्टूल मात्र अजून आहे. फक्त गिऱ्हाईक आलं की आमचा पोऱ्या ते उचलतो.

रस्ता मोकळा कसा दिसतो ते आपण विसर्जन मिरवणुकीत आणि पालखीत पाहिलंय, पण ती गर्दी वेगळी. ११ डिसेंबर २०२१ला महापालिकेनं पादचारी दिन केला, लक्ष्मी रोडचा एक तुकडा दिवसभर गाड्यांना बंद. सकाळी मी वैतागून बसलो होतो. संध्याकाळी आजीआजोबा रस्त्याच्या मध्यातून चालत होते, एक पोरगं चक्क लंगडी घालत होतं. त्या दिवशी गल्ला नेहमीपेक्षा फार वर गेला असं सांगणार नाही, नेहमीइतकाच होता. पण दारात कुणाची गाडी चालू नव्हती, म्हणून बायकांनी बसून, पंचवीस ताके उलगडायला लावून खरेदी केली. रोज बंद ठेवा म्हणालास तर मी कचरेन, कारण माल मग कधी उतरवायचा? सकाळी लवकर, हे उत्तर मलाही ठाऊक आहे. पण सहाला उठून दुकान उघडणं आता होत नाही.

असो. आता तुमचं. रविवारी मुळीच येऊ नका, बुधवारी या. गाडी बिबवेवाडीला ताईंकडे सोसायटीत लावा, तिथून रिक्षानं स्वारगेट आणि मग मेट्रो. पुढचंच स्टेशन मंडई. वर यायला सरकते जिने आहेत, वहिनींच्या कमरेची काळजी नको. मी पुतण्याला स्टेशनाबाहेर उभं करतो, पिशव्या उचलायला. शालू आधी घ्या, ब्लाउजपीस आणि अस्तर त्यानंतर माझ्याकडे. आणि अकराच्या आत या. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली राणी रंग नि डाळिंबी सारखेच दिसतात. मला रंग दारात, उन्हात धरून दाखवायचाय. त्यासाठी स्टुलाची जागा मोकळी ठेवतो.

तुझा,
बंड्या