पेठेतली फेरी पेठेच्या घड्याळाने चालावी

संपादक महोदय,

दिवाळी सरली की पुण्याच्या पेठांत शनिवारी-रविवारी सकाळी एक दृश्य हमखास दिसते. कसबा गणपतीच्या बाजूच्या बोळात तीस-चाळीस जणांचा घोळका, मधोमध गळ्यात माइक अडकवलेला गाइड आणि मागे दुचाकीवर कॅन लटकवून खोळंबलेला दूधवाला. वाडे, देवळे आणि खाण्याची जुनी ठिकाणे एकाच सकाळी दाखवणाऱ्या या फेऱ्यांना माणसे पैसे मोजून येतात, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. आम्हीही अशा फेऱ्या नेतो. पण या पेठा म्हणजे संग्रहालय नाही. तिथे माणसे राहतात, अंघोळी करतात, दुकाने उघडतात. फेरीने त्यांच्या घड्याळाशी जुळवून घ्यायला हवे. तसे झाले नाही तर उद्या वाड्यांची दारे आपल्यासाठी बंद होतील, आणि दोष दार लावणाऱ्याचा नसेल. म्हणून फेरी नेणाऱ्यांसाठी आणि फेरीला जाणाऱ्यांसाठी काही ठोस गोष्टी लिहीत आहोत.

पहिली गोष्ट संख्येची. एका गाइडमागे बारा माणसे, अगदीच आग्रह झाला तर पंधरा. बारा जणांना माइकशिवाय ऐकू जाते. बारा जण भिंतीला लागून एका बाजूला उभे राहिले की दुचाकी निघून जाते. चारच्या टेबलाला चार जण धरले तर बारा जण तीन टेबलांत बसतात, आणि लहान उपाहारगृहात एका वेळी तीनपेक्षा जास्त टेबले मोकळी मिळणे कठीण. तीस माणसे नेली की यातले काहीच साधत नाही. मागच्या दहा जणांना गोष्ट ऐकू येत नाही, ते कुणाच्या तरी ओट्यावर बसून मोबाइल पाहतात, आणि त्या घरातल्या बाईंना स्वतःच्याच दारातून बाहेर पडायला ‘जरा सरकता का’ म्हणावे लागते.

वाड्यांत तर संख्येचा प्रश्न थेट जिवाशी येतो. पेशवाई धाटणीच्या वाड्याला खाली दगडी जोते असते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मध्ये विटांच्या भिंती. मजल्याची जमीन म्हणजे कडीपाट: कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. छपराची कौले सरकली की पाणी भिंतीतून उतरते आणि कडीचे भिंतीत गेलेले टोक आतल्या आत कुजते. बाहेरून कडी धडधाकट दिसते, रंगही टिकून असतो. रोज चार माणसे वावरतात तोवर ती तग धरते. पण वीस माणसे एकदम सज्जाच्या कडेला जाऊन खाली चौकाचा फोटो काढू लागली, तर सगळा भार त्याच कुजक्या टोकांवर येतो. म्हणून राहत्या वाड्यात वरच्या मजल्यावर गट नेऊच नये. मालकांनी स्वतः बोलावले तर एका वेळी चार जण, तेही भिंतीच्या बाजूने. चौक, ओसरी, देवळ्या, महिरपी, दिंडी दरवाजा हे सगळे खाली उभे राहूनही नीट दाखवता येते. देवघराचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांचा फोटो काढायचा नाही, हे आत शिरण्याआधी सांगावे. आत गेल्यावर सांगून उपयोग होत नाही, तोवर फोटो निघालेले असतात.

आता मार्ग. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून गाडी लावण्याचे निमित्त उरलेले नाही. कसबा पेठ स्थानकावर जमावे, मंडई स्थानकावर पांगावे. मधले अंतर वळणावळणांनी अडीच-तीन किलोमीटर भरते आणि खाणे धरून चार तास लागतात. तीन तासांत बसवायचे असेल तर लाल महाल बाहेरून पाहावा आणि विश्रामबागवाडा दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. सगळेच पळत पळत दाखवण्यापेक्षा ते बरे.

शनिवारवाडा पहिला घ्यावा, तिकीटखिडकी उघडताच. १७३० साली पाया घातलेल्या या वाड्याच्या आतल्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या. उरले ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. त्यामुळे आत सावली नाही, आणि साडेनऊनंतर लोक गाइडकडे न पाहता झाडे शोधू लागतात. दिल्ली दरवाज्यावरचे खिळे हत्तीच्या मस्तकाच्या उंचीवर का आहेत आणि आत शिरताच वाट का वळते, एवढे दोनच मुद्दे नीट समजावले तरी दरवाजा कायमचा लक्षात राहतो. त्याऐवजी पर्वतीपर्यंतचे भुयार आणि अमावास्येच्या किंकाळ्या यांत वीस मिनिटे जातात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी इथे नारायणराव पेशव्यांचा खून झाला हा इतिहास आहे, किंकाळ्या ही सांगोवांगी. दंतकथा जरूर सांगाव्यात, त्याही गावाच्याच आहेत. मात्र ‘असे सांगतात’ आणि ‘असे घडले’ यांतला फरक ऐकणाऱ्याला कळला पाहिजे. हाच न्याय लाल महालाला. आजची इमारत १९८० च्या दशकात उभी राहिली आहे. शिवरायांचे बालपण गेले ते याच परिसरात, पण या भिंतींत नव्हे. भिडेवाड्याचेही तसेच. १८४८ साली जिथे जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. दगडूशेठ गणपतीसमोर उभे राहून, तिथे काय होते आणि आता काय नाही, हे स्पष्ट सांगावे.

चपलांचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण फेरीचे वेळापत्रक बहुधा तिथेच कोलमडते. कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, बेलबाग, तुळशीबाग अशी चार देवळे घेतली तर चार वेळा पादत्राणे काढावी लागतात. नाडीचे बूट घातलेले बारा जण असले की दर वेळी पाच मिनिटे जातात, म्हणजे वीस मिनिटे नुसती नाड्या बांधण्यात. सहज निघणाऱ्या पण मागे पट्टा असलेल्या चपला घालायला आधीच सांगावे. पावसाळ्यात देवळांच्या आवारातली झिजलेली फरशी भयंकर निसरडी होते. गुळगुळीत तळाची पादत्राणे तेव्हा नकोतच.

तांबट आळी, म्हणजे कसब्यातली तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली, दहाच्या आधी गाठू नये. हातोडे सुरू झालेले नसतील तर तिथे पाहण्यासारखे निम्मेच उरते. तांब्याच्या भांड्यावर दिसणारे ओळीने पडलेले चकाकते ठसे म्हणजे मठारकाम. ती नुसती नक्षी नसते. ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो आणि भांड्याला ताठपणा येतो. स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कल्हई लागते, नाहीतर चिंच, ताक, टोमॅटो यांसारख्या आंबट पदार्थांत तांबे उतरते आणि अन्न कळकते. कारागीर काम करत असताना त्याला ‘जरा इकडे बघा’ म्हणू नये. ठोका चुकला की पोचा पडतो, आणि तो काढायला पुन्हा पत्रा तापवावा लागतो. फेरीच्या शुल्कातून माणशी पंचवीस-तीस रुपये कारागिरांसाठी आणि दार उघडणाऱ्या वाडामालकांसाठी बाजूला काढावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांचा वेळ आपण विकतो, तर त्यात त्यांचा वाटा हवा.

आता खाण्याकडे. सर्वाधिक चुका इथेच होतात आणि त्या सगळ्या टाळता येतात.

रिकाम्या पोटी मिसळ आणि लगेच वर थंड मस्तानी, या क्रमाने फेरीतले दोघे-तिघे तरी दुपारी आडवे होतात. सुरुवात अमृततुल्यच्या अर्ध्या कप चहाने करावी. हा चहा दूध, साखर, वेलची-आले घालून उकळलेला आणि फडक्यातून गाळलेला असतो. साखर उकळतानाच पडते, त्यामुळे मधुमेह असणाऱ्यांनी बिनसाखरेचा चहा आयत्या वेळी मागून मिळत नाही. त्यांच्यासाठी वेगळी सोय आदल्या दिवशी बोलून ठेवावी. शनिवारवाडा आणि कसबा पाहून झाल्यावर सव्वानऊच्या आसपास मिसळ. रविवारी साडेदहानंतर नावाजलेल्या ठिकाणी रांग लागते आणि दुपारपर्यंत मिसळ संपते, म्हणून शक्य असेल तर फेरी मंगळवार ते शुक्रवारच ठेवावी. सोमवारी लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबागेतली बहुतेक दुकाने बंद असतात. संकष्टीला कसबा आणि दगडूशेठच्या परिसरात पाय ठेवायला जागा नसते. गणेशोत्सवाचे दहा दिवस फेरी काढूच नये.

पुणेरी मिसळीत मटकीच्या उसळीखाली पोहे आणि बटाट्याची भाजी असते, वर चिवडा-शेव, कांदा, कोथिंबीर, आणि सोबत पावाऐवजी स्लाइस ब्रेड. रस्सा कोल्हापुरी मिसळीइतका जाळ नसतो, काही ठिकाणी तर गुळाची गोडी स्पष्ट लागते. तरीही तिखट न सोसणाऱ्याने वाढताना ‘वरून नको, ढवळून द्या’ असे सांगावे. मिरचीचा रंग आणि जाळ तेलात उतरतो, ते तेल तर्री होऊन वर तरंगते, आणि वरचाच डाव ताटलीत आला की डोळ्यांत पाणी येते. सॅम्पल म्हणजे वाढीव रस्सा. तो एकदम ओतून घेतला तर फरसाण मऊ पडून मिसळीचा लगदा होतो. दोन-दोन चमचे घेत जावे.

प्रमाणाचे गणित असे. पुढे अजून तीन थांबे असतील तर बारा जणांना मिसळीच्या पाच प्लेट पुरतात, सोबत सहा बटाटेवडे अर्धे-अर्धे करून, आणि तीन प्लेट साबुदाण्याची खिचडी. मंडईपाशी शेवटी चार मस्तान्या, तिघांत एक. मस्तानी म्हणजे दाट मिल्कशेकवर आइस्क्रीमचा गोळा. एकट्याने एक ग्लास संपवला तर पुढे चालवत नाही, म्हणून ती शेवटीच. रिकामे ग्लास आधीच मागून ठेवावेत. अनेक लहान उपाहारगृहांत एक प्लेट तिघांत वाटून खाल्लेली चालत नाही, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. बारा खुर्च्या अर्धा तास अडवून पाच प्लेटचे पैसे दिले तर त्यांचे नुकसान होते. आदल्या दिवशी जाऊन बोलावे, खुर्चीमागे ठरेल ती रक्कम द्यावी, गर्दीच्या आधी यावे आणि पंचवीस मिनिटांत उठावे. एवढे पाळले तर तेच मालक पुढच्या खेपेस गरम घाणा आपल्यासाठी राखून ठेवतात.

फेरीला नाव नोंदवतानाच प्रत्येकाला चार प्रश्न विचारावेत: शेंगदाणे चालतात का, गहू चालतो का, कांदा-लसूण चालतो का, मधुमेह आहे का. खिचडीत दाण्याचे कूट असतेच, चिवड्यातही दाणे येतात. बाजारच्या खड्याच्या किंवा पुडीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे गहू वर्ज्य असणाऱ्याला ‘वड्यात बेसनच तर आहे’ असे सांगणे धोक्याचे आहे. रस्त्यावर खाताना तळण आपल्या डोळ्यांसमोर पडलेले घ्यावे. तेल काळपट झाले असेल, वडा सोडताच सगळीकडे फेस येत असेल आणि वास घशाला लागत असेल, तर तिथून निघावे. उसाचा रस बिनबर्फाचा. कापून ठेवलेली फळे नकोत. पाणी प्रत्येकाने एक लिटर घरून आणावे.

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या फेऱ्या शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार आणि कसब्याच्या एका भागाबाहेर सहसा जात नाहीत, आणि त्यांतले सगळे खाणे शाकाहारी असते. पाहुण्याला वाटते, जुने पुणे एवढेच. सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीचे दगडी मंदिर आहे. १७५४ मध्ये बांधायला घेतले आणि १७७० मध्ये प्रतिष्ठापना झाली. तीन सोंडांची मूर्ती, दर्शनी भागावर साखळदंडाने जखडलेला गेंडा आणि टोपीवाले शिपाई, संस्कृत आणि फारसी शिलालेख. एवढे सगळे एका देवळात पुण्यात दुसरीकडे कुठे पाहायला मिळेल? तिथून रविवार पेठेतली भोरी आळी आणि पुढे गंज पेठेत जोतीरावांचे घर, फुलेवाडा. मोमीनपुऱ्यात रमजानच्या संध्याकाळी कबाबांच्या शेगड्या पेटतात. कसब्यातच मटण-भाकरीच्या खाणावळी आहेत. मंडई १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडली. तिच्या खर्चाला ज्यांनी नगरपालिकेत विरोध केला त्या जोतीरावांचेच नाव पुढे तिला मिळाले. मंडईत उंच ओट्यांवरचे भाजीवाले दाखवताना ही गोष्ट सांगितली, तर गंज पेठेकडे जाण्याची वाट आपोआप मोकळी होते. पश्चिमेच्या पेठांची एक सकाळ आणि पूर्वेच्या पेठांची एक संध्याकाळ, अशी दोन दिवसांची जोडी फेरी नेणाऱ्या प्रत्येकाने ठेवावी.

महापालिकेला दोन विनंत्या आहेत. शनिवारवाडा ते मंडई या वाटेवर कुठली स्वच्छतागृहे किती वाजता उघडतात, त्याचा फलक दोन्ही मेट्रो स्थानकांच्या दाराशी लावावा. चार तासांच्या फेरीत स्त्रिया पाणी पिणेच टाळतात, आणि एप्रिलच्या उन्हात त्यातून चक्कर येते. दुसरी विनंती कात्रजच्या नळाबद्दल. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत आलेल्या या बांधीव नळाचे उच्छ्वास जिथे जिथे उरले आहेत, तिथे निदान एक पाटी लावावी. गाळ खाली बसावा आणि कोंडलेली हवा निघून जावी म्हणून बांधलेले ते दगडी मनोरे आज लोक कचऱ्याची कुंडी समजतात.

आपले,
पेठांतून फेऱ्या नेणारे काही वाटाडे, पुणे