अभ्यासिकेत एक तास बातमी तपासण्यासाठी हवा

संपादक महोदय,

परीक्षा जवळ आल्या की मुंबईतल्या वाचनालयांच्या अभ्यासिकांत जागा मिळत नाही. नववी-दहावीची मुलं तिथे तासन्‌तास बसतात, पण पुस्तकांच्या कपाटांकडे वळत नाहीत. प्रकल्पाची माहिती मोबाइलवरून उतरवतात. ती कोणी लिहिली, केव्हा लिहिली, हे विचारायला त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं. मी शाळेत ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर गिरगावातल्या एका वाचनालयात शनिवारी दुपारी अशा मुलांना घेऊन बसते.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीने बुडालेल्या रुळांचा फोटो दाखवला. खाली मजकूर होता: '26 जुलैला मुंबईत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, आज त्याहून जास्त पडणार.' मी जुलै 2005 च्या वर्तमानपत्रांची बांधीव फाइल काढून मुलांपुढे ठेवली. पानं चाळता चाळता त्यांनाच सापडलं की 944 हा आकडा सांताक्रूझचा. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम 73 मिलिमीटर पाऊस झाला होता. एकाच शहरात, एकाच दिवशी! मग मुलंच विचारू लागली: पाऊस मोजला कुठे? आजचा अंदाज हवामान खात्याने दिलाय का? फोटो कुठल्या वर्षीचा? मला हेच हवं होतं.

मराठी विश्वकोशाचाही असाच उपयोग होतो. तिथे नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, संदर्भ असतात. जुन्या खंडातली लोकसंख्या जुन्या जनगणनेची असते, हेही मुलांच्या लक्षात येतं. हल्ली एआयला विचारून मिळालेलं उत्तर मुलं तसंच वहीत लिहितात. ते पुस्तकाशी ताडून पाहायची सवय याच वयात लागायला हवी. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर तशा अफवा फिरत होत्या. ही मुलं उद्या मोठी होतील, त्यांच्याही हातात फोन असेल.

राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. त्यानुसार वाचनालयांचा 'अ' ते 'ड' दर्जा ठरवताना ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिकं पाहिली जातात. किशोरवयीन मुलांसाठी माहिती तपासण्याचे वर्ग घेतले जातात का, हेही त्यात पाहावं. ग्रंथालय संचालनालयाने ग्रंथपालांना त्याचं प्रशिक्षण द्यावं. फार खर्च नाही. एक टेबल, इंटरनेट आणि मुलांशी बोलायला तयार असलेला माणूस एवढं पुरतं.

आणि वाचनालयांच्या कार्यकारिणींना कळकळीची विनंती: जागा नाही म्हणून वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली रद्दीत घालू नका.

– एक निवृत्त शालेय ग्रंथपाल, गिरगाव, मुंबई